आमिष तळाला पोचतच नव्हतं : हलक्या बास मासेमारीसाठी रील निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या गृहस्थांना आपण अण्णा म्हणू. वय पन्नाशीच्या पुढे, मूळचे इचलकरंजीचे, वीसेक वर्षं अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात मुक्काम. घरी चोवीस मागांचा कारखाना होता, त्यामुळे बालपण मागांच्या खडखडाटात गेलं. पंचगंगेच्या काठावर गळ टाकून बसायची सवय तिथलीच. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, मोराच्या पिसाचा तरंगा आणि कणकेची गोळी एवढाच सरंजाम. रील, म्हणजे काठीवर दोरा गुंडाळायचं आणि सोडायचं यंत्र, त्यांनी अमेरिकेत आल्यावरच हातात धरलं.

मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ओळख मंडळाच्या गणपतीत झाली, पुढे शनिवारी पहाटे माझ्या बोटीत मागच्या खुर्चीवर अण्णा असायचेच. जागा लेक लेनियर. चॅटाहूची नदीवर ब्युफोर्ड धरण बांधून 1950 च्या दशकात हा जलाशय झाला. धरणाच्या बाजूला पाणी दीडशे फुटांहून खोल आणि बरंच नितळ आहे. इथला मुख्य मासा म्हणजे स्पॉटेड बास. हा मासा वसंतात काठाला येतो आणि उन्हाळा तापला की वीस-तीस फुटांवर बुडालेल्या फांद्यांच्या ढिगाऱ्यांत जाऊन बसतो. वरून शनिवारभर बोटींची वर्दळ. रोज डोक्यावरून आमिषं जातात, त्यामुळे मासा शहाणा झालेला. म्हणून इथे फिनेस पद्धत चालते: बोटाएवढा प्लॅस्टिकचा किडा, बारीक गळ, बारीक लाइन, आणि हाताची हालचाल जवळजवळ नाहीच.

अण्णांनी पहिली खरेदी माझ्या सल्ल्याने केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा घोळ तिथून सुरू होतो. मार्चमध्ये मी त्यांना म्हणालो, "अण्णा, सरळ बेटकास्टर घ्या. एकदा अंगठा बसला की दुसरं काही लागत नाही." बेटकास्टर म्हणजे आमिष फेकताना जिची स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) फिरते आणि अंगठ्याने आवरावी लागते अशी रील. इथल्या बासवाल्यांत स्पिनिंगच्या, म्हणजे स्थिर स्पूलच्या रीलच्या, रॉडला चेष्टेने परीची छडी म्हणतात. ती चेष्टा माझ्याही डोक्यात भिनलेली होती, आणि बोटीत माझ्याकडे स्वतःच्या तीन परीच्या छड्या असताना मी हा सल्ला दिला! अण्णांनी सात फुटी मिडियम हेवी रॉड आणि बरा बेटकास्टर घेतला, त्यावर 12 पौंडी (तेवढा ताण सोसणारी) फ्लोरोकार्बन लाइन भरली. एप्रिल-मे झकास गेले. काठाजवळ 3/8 औंसाची जिग (जड डोक्याचा गळ) म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅमचं आमिष. ते बेटकास्टरवर गोफणीतल्या दगडासारखं सुटतं.

अडचण

जून लागला, मासे खाली गेले. आम्ही ड्रॉप शॉटवर आलो. यात वजन लाइनच्या अगदी टोकाला असतं, गळ त्याच्या फूटभर वर, आणि गळाला नाकात अडकवलेला तीन-चार इंची किडा. वजन तळावर टेकतं, किडा माशाच्या डोळ्यासमोर तरंगत राहतो.

लागोपाठ तीन शनिवार मी पुढे बसून मासे काढत होतो आणि अण्णा मागे कोरडे. त्यांनी आधी जागेला दोष दिला. मग रंगाला. दर आठवड्याला किड्यांचं नवीन पाकीट: हिरवट, जांभळट, गुलाबी. चौथ्या शनिवारी त्यांच्या डब्यात अकरा रंग होते. "माशाचा मूड नाय रे," असं म्हणून ते थर्मासमधला चहा ओतायचे. मलाही ते पटत होतं, कारण अनुभवी माणूस दुसऱ्याच्या अपयशाला मूड हे कारण फार लवकर मान्य करतो.

खरं कारण योगायोगाने दिसलं. वारा पडला होता, मी मागे वळून पाहिलं तर अण्णांची लाइन पाण्यावर सैल वेटोळी घालून पडलेली. खाली काही ओढत असेल तर लाइन ताणलेली आणि पळती दिसायला हवी. मी विचारलं, "तळ लागला का अण्णा?"

"लागला असंल की. थांबलंय तर."

त्यांना पुढे बोलावलं. सोनारचा, म्हणजे पाण्याखालचं पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, डोळा पुढच्या मोटरला लावलेला असतो. बोटीच्या नाकाखाली सरळ वजन सोडलं की पडद्यावर ते एका तिरक्या रेघेने खाली जाताना दिसतं. माझं 3/16 औंस वजन सोडलं: रेघ पंचवीस फुटांवरच्या ढिगाऱ्याला जाऊन टेकली. मग त्यांचं. रेघ निघाली, दहा-अकरा फुटांवर आली आणि आडवी झाली. म्हणजे वजन तिथेच लटकलं होतं. त्याच्याही खाली आणखी चौदा फुटांवर माशांचे ठिपके दिसत होते आणि वर अण्णांचा गुलाबी किडा एकटाच नाचत होता.

रील हातात घेऊन बघितली. बाजूचं टेन्शनचं बटण घट्ट आवळलेलं. का, तर जूनमध्ये हलकी आमिषं फेकायला लागल्यावर रोज गुंता व्हायचा. गुंता टाळायला त्यांनी बटण आवळत नेलं, तशी स्पूल जड फिरायला लागली. इतकी, की पाच ग्रॅमला ती ओढवेना. गुंता गेला आणि त्याच्याबरोबर मासाही गेला.

समोरचे पर्याय

इथे यंत्राची गोष्ट समजून घ्यावी लागते. मला ती वर्षानुवर्षं शब्दांत सांगता आली नव्हती, अण्णांनी एका मिनिटात सांगितली.

"म्हंजे हा बीम हाय आणि ती कांडी," ते म्हणाले.

मागाच्या मागच्या बाजूला ताण्याचा बीम असतो. सूत हवं तर अख्खा बीम फिरावा लागतो. तो फाजील फिरू नये म्हणून त्याला दोरी आणि वजनं लावून ब्रेक देतात. ब्रेक कमी पडला की सूत सैल सुटतं. धोट्यातली कांडी मात्र फिरत नाही. ती जागेवर असते आणि सूत तिच्या टोकावरून निसटत येतं, त्यामुळे ओढायला जोर असा लागतच नाही. बेटकास्टर हा बीम. आमिष उडताना त्याने स्पूल आणि तिच्यावरची सगळी लाइन फिरवायची असते. शंभर यार्ड 12 पौंडी फ्लोरोकार्बन एकटीच दहा ग्रॅमच्या आसपास भरते, वर धातूची स्पूल. पाच ग्रॅमच्या आमिषाने स्वतःहून जड चाक फिरवायचं, आणि आमिष मंदावलं की ते चाक थांबवायला अंगठा तयार ठेवायचा! स्पिनिंगची स्पूल फेकताना हलतच नाही, लाइन तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते.

हा योगायोगही नसावा. अशा स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट 1905 साली ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या कापड गिरणीवाल्याने घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत निसटताना बघून त्याला ते सुचलं असं सांगतात. अण्णांना हे कळल्यावर पुढचे दोन आठवडे "आपल्याच माणसाचं काम" चाललं होतं.

तर पर्याय. पहिला, आहे तोच बेटकास्टर ठेवायचा आणि वजन वाढवायचं. 3/8 औंसाचं टंगस्टनचं वजन लावलं असतं तर स्पूल फिरली असती, तळही लागला असता. खर्च जवळजवळ शून्य. तोटा असा की जड वजन ढिगाऱ्यात जास्त अडकतं, त्यातच नेड रिग या पर्यायात बसत नाही. नेड म्हणजे अळंबीच्या आकाराच्या छोट्या डोक्यावर अडकवलेला अडीच इंची तुकडा. त्याची सगळी गंमतच तो हळू पडण्यात आहे. जड केला की गंमत संपली. शिवाय मिडियम हेवी रॉड आणि बारीक तारेचा गळ यांचं जमत नाही. झटका दिला की गळ वाकतो किंवा बारीक लाइन तुटते.

दुसरा पर्याय जपानी वळणाचा, ज्याला बेट फिनेस म्हणतात. दिसायला बेटकास्टरच, पण स्पूल उथळ आणि कमालीची हलकी, बेअरिंग चांगले, लाइन थोडीच मावते. तीन-चार ग्रॅमही त्यावर फेकता येतात. जपानच्या गर्दीच्या तलावांत हलक्या मासेमारीने मोठी मजल मारली, ड्रॉप शॉटही तिकडूनच अमेरिकेत रुळला. जाता जाता सांगतो, लार्जमाउथ बासचा विक्रम जॉर्जिया आणि जपान यांच्यात वाटलेला आहे. 1932 साली जॉर्जियाच्या माँटगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरीने धरलेला 22 पौंड 4 औंसांचा मासा, आणि 2009 साली बिवा सरोवरात मनाबू कुरिताने बरोबरी केलेला दुसरा. अण्णांचा जीव या पर्यायावर होता. वस्तू देखणी, अंगठ्याला ओळखीची, आणि परीची छडी म्हणून कोणी हसणार नाही. पण नुसती रील घेऊन भागत नाही, तिला जोडीचा हलका रॉड हवा. दोन्हींचा खर्च त्यांच्या अडीचशे डॉलरच्या मर्यादेबाहेर जात होता. वाऱ्यात हलकं आमिष हवेतच थबकतं, तेव्हा ही स्पूलही गुंतते.

तिसरा पर्याय साधा स्पिनिंगचा. 2500 आकाराची रील, सात फुटी मिडियम लाइट रॉड, 10 पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन आणि पुढे आठ-दहा फूट 8 पौंडी फ्लोरोकार्बन. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे पंचवीस फुटांवरचं बोट लावल्याएवढं चावणंही हाताला कळतं. फ्लोरोकार्बन पाण्यात नायलॉनपेक्षा कमी दिसतं.

निर्णय

मी त्या दिवशीच तिसरा पर्याय म्हणून मोकळा झालो असतो. अण्णा तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. माझ्या एका छातीठोक सल्ल्याने आधीच पैसे गेले होते. ते म्हणाले, आधी मापू.

रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात काटा काढला. काकूंचा, लाडवाचं बेसन मोजायचा. एकेक आमिष गळासकट वर ठेवत गेलो आणि अण्णा वहीत मांडत गेले. जिग तिच्या रबरी शेपटीसकट चौदा ग्रॅमच्या पुढे. ड्रॉप शॉटचं वजन आणि किडा मिळून सात. नेड पाच-सहा. वही संपली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली: उन्हाळ्यात अण्णा वापरणार असलेलं एकही आमिष दहा ग्रॅमला पोचत नव्हतं. त्यांच्या रॉडवर, मुठीच्या वर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 3/8 ते 1 औंस. मार्चपासून ती अक्षरं तिथेच होती. आम्ही दोघंही शिकलेले, आणि दोघांनीही ती वाचली नव्हती.

काकूंनी काटा धुऊन परत मागितला, तो वेगळा विषय.

मग घरामागच्या गवतावर माझी स्पिनिंग आणि त्यांचा बेटकास्टर, आलटून पालटून. बेटकास्टरचं बटण मी सैल करून दिलं होतं. जिगला दोन्हींत फारसा फरक नव्हता, उलट नेम बेटकास्टरचाच चांगला. सात ग्रॅमला बेटकास्टर जायचा, पण तिसऱ्या-चौथ्या फेकीला गुंता. पाच ग्रॅमला स्पिनिंग सहज निम्म्याहून पुढे. इथे अण्णांनी एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता: "फेकायचं किती आणि खाली सोडायचं किती?" लेनियरवर उन्हाळ्यात आम्ही ढिगाऱ्याच्या डोक्यावर उभे राहून सरळ खाली सोडतो. फेक हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता लाइन आपोआप, न ओढता सुटते का. बेल, म्हणजे लाइन अडवणारी तारेची कमान, उघडली की स्पिनिंगची सुटते. त्यावर निर्णय झाला.

बेटकास्टर विकायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. मी विका म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही ते बरं झालं.

प्रत्यक्षात काय झालं

नवी रील आली आणि दुसऱ्याच शनिवारी घात झाला. पंचवीस फुटांवर चांगला मासा लागला, रॉड वाकला, आणि ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, सुटायला लागला. अण्णांनी ड्रॅगची चकती आवळली. तरी सुटतच होता. पूर्ण आवळली, हँडल फिरवतायत, लाइन येत नाही, मासा ढिगाऱ्यात शिरला आणि खेळ संपला. "ही असली कसली रील," असं म्हणून त्यांनी रॉड खाली ठेवला. मलाही आधी वाटलं, ड्रॅग खराब निघाला.

ड्रॅगला काहीच झालेलं नव्हतं. ब्रेड थेट गुळगुळीत धातूच्या स्पूलला बांधली होती. ब्रेड निसरडी, धातूला धरत नाही. सगळी लाइन एका गठ्ठ्याने स्पूलवर गोल घसरत होती. उपाय दोन मिनिटांचा: आधी थोडी नायलॉन लाइन गुंडाळायची, तिला ब्रेड जोडायची. दुकानात रील भरून घेतली असती तर त्यांनी हे न सांगता केलं असतं. पाच डॉलर वाचवायला आम्ही घरी भरली होती.

भरताना दुसरी चूकही झाली होती. स्पूल काठोकाठ भरली होती. अशी स्पूल एकदम तीन-चार वेटोळी सोडते आणि हवेत गाठ बसते. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरली की त्रास थांबतो. बेल हँडलने बंद न करता हाताने पाडायची, आणि लाइन चिमटीत धरून एकदा ताणायची. हे अण्णांना सवयीने जमलं. पिळाचा त्रास मात्र महिनाभर राहिला. मासा ड्रॅग ओढत असताना ते घाईने हँडल फिरवत राहायचे. स्पिनिंगवर ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवलं की प्रत्येक फेऱ्याला लाइनमध्ये पीळ भरतो. लाइन मागे जात असेल तर हात थांबवायचा, एवढंच. पण बेटकास्टरवर याने काही बिघडत नाही, त्यामुळे हात ऐकत नव्हता.

मासा लावायची पद्धतही बदलावी लागली. जिगला दणका लागतो. ड्रॉप शॉटला नुसती लाइन ताणून रॉड वर उचलत न्यायचा, गळ बारीक असल्याने आपणच रुततो. या शिक्षणात दोन मासे तुटून गेले.

एका गोष्टीत मात्र ते पहिल्या दिवसापासून माझ्या पुढे होते. ब्रेड आणि फ्लोरोकार्बन जोडायची गाठ. मला डोळ्यांवर चष्मा, दातांत टोक आणि तीन शिव्या लागतात. अण्णांनी एकदा बघितलं, मांडी घालून बसले आणि बोटांतल्या बोटांत गाठ ओढून टोक नखाने तपासलं. रॉडच्या कडीतून जाताना ती जाणवतसुद्धा नव्हती. "वहिफणीवाले अख्ख्या बीमची टोकं सांधायचे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून माझ्याही गाठी तेच बांधतात.

परिणाम

जुलै अखेरीपासून मागच्या खुर्चीवर मासे लागायला लागले. रंगांची अकरा पाकिटं डब्यात तशीच आहेत, त्यातला एकच हिरवट रंग वापरात आहे. माझ्याइतके मासे त्यांना रोज मिळतात असं नाही, पण आता न मिळाले तर ते मला विचारत नाहीत. पडद्यावरची रेघ बघतात, तळ लागल्याची खात्री करतात आणि जागा बदलायला सांगतात. गौरी-गणपतीच्या आठवड्यात, मंडळाच्या कामातून पहाटेचे तीन तास चोरून, त्यांनी तीन पौंडांचा स्पॉटेड बास काढला आणि हात ओला करून सोडून दिला.

ऑक्टोबरमध्ये मासे हेरिंगच्या थव्यांमागे पृष्ठभागावर आले, तेव्हा पाण्यावर चालणारी जड, लांब आमिषं लागली. त्या दिवशी बेटकास्टर परत बाहेर निघाला. माझ्या सांगण्यावरून विकला असता तर तोच नव्याने घ्यावा लागला असता.

काय वेगळं करता आलं असतं

मार्चमध्ये मी रीलचं नाव घेण्याआधी विचारायला हवं होतं की वर्षातले जास्त दिवस आपण टोकाला काय बांधणार आहोत. काठावरच्या दोन महिन्यांवरून मी बारा महिन्यांचा सल्ला दिला.

माझी रिकामी स्पिनिंग बोटीतच पडलेली असताना मी ती तीन शनिवार त्यांच्या हातात दिली नाही. त्यांनीही मागितली नाही. वयाने मोठा माणूस दुसऱ्याचा रॉड मागत नाही आणि लहान माणूस "तुमचं चुकतंय" म्हणत नाही. या संकोचात जून गेला. सामान बदलून बघणं ही फुकटची तपासणी होती.

तीन शनिवार कोरडे गेल्यावर आधी आमिष कुठे आहे ते बघायचं, मासा काय म्हणतो ते नंतर. सोनार समोर होता. मी त्यात फक्त मासे शोधत होतो.

टेन्शनच्या बटणाचं मात्र मला अजून पूर्ण पटलेलं नाही. तेव्हाच बटण सैल करून, ब्रेक थोडा वाढवून, 1/4 औंस टंगस्टन लावून अण्णांना महिनाभर सराव दिला असता तर नवी रील लागलीच नसती असं एक मित्र म्हणतो. ड्रॉप शॉटपुरतं त्याचं म्हणणं खरं असू शकेल. नेडसाठी नाही.

आणि धक्क्यांखालचा प्रश्न उरलाच आहे. लेनियरवर खासगी बोटींचे तरंगते धक्के भरपूर आहेत. त्यांच्या सावलीत छोटं आमिष पाण्याला घासत, खापरीने भाकऱ्या काढतात तसं, आत सरकवायचं असतं. स्पिनिंगवर ते जातं, पण नेमक्या जागी थांबवायला अंगठ्यासारखं काही नाही, तर्जनी स्पूलला लावून जमेल तेवढं. अण्णांचं आमिष दोनदा कोणाच्या तरी पोंटून बोटीच्या गादीत जाऊन रुतलं. तेव्हापासून ते रात्री जेवण झाल्यावर फोनवर हलक्या स्पूलचे जपानी बेटकास्टर बघत असतात. परवा मला मेसेज आला, खाली रीलचा फोटो आणि एकच ओळ: "काटा काकूंकडून परत मागून आणलाय."